हिमाजीची वीज कुठे गेली?

काल संध्याकाळी हिमाजीची बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. त्यानंतर त्याला कुणी चालवलंही नाही. आणि सकाळी साडेसातला तो ऋजुताला म्हणाला, "आठ टक्के उरलेत. क्षमस्व. काम होणार नाही."

हिमाजी म्हणजे विजेवर चालणारं, बोलणारं हिमफेक यंत्र (साचलेला बर्फ खेचून बाजूला उडवणारं). २०४९ साली कॅनडातल्या त्या गावात मोठा रस्ता नगरपालिका साफ करी. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची पंचवीस पावलं ज्याची त्यानं बघायची. आज त्या वाटेवर मांडीभर बर्फ होता आणि ऋजुताच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "दहाच्या आत या. वादळात रुग्णवाहिका कधी मोकळी होईल, सांगता येत नाही."

बाबा फावडं घेऊन धावले. वीस मिनिटांत त्यांनी दोन पावलं साफ केली आणि कंबर धरली.

"आबा, हिमाजीची वीज चोरीला गेली!"

आबा, म्हणजे ऋजुताचे आजोबा, पस्तीस वर्षं बॅटरीशास्त्रज्ञ होते. "बॅटरी रात्री कुठे होती?"

"गॅरेजमध्ये, चपलांच्या मांडणीवर. तुम्हीच म्हणालात, बाहेरचं बाहेर."

गॅरेजमध्ये उणे वीस होतं. पस्तीस वर्षांचं शास्त्र चपलांबरोबर दाराबाहेरच राहिलं होतं.

"वीज आतच आहे," आबा घसा साफ करत म्हणाले. "बॅटरीत लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) एका द्रवातून या टोकाकडून त्या टोकाला जातात. ते जातात म्हणून बाहेर तारेतून वीज वाहते. थंडीत द्रव दाट होतो, आयन रेंगाळतात. हिमाजीला हवा तेवढा जोर मिळत नाही. त्याला वाटतं, संपली."

"खोबरेल तेलासारखं? बाटली भरलेली, पण हिवाळ्यात उलटी केली तरी थेंब पडत नाही."

"तसंच! हा द्रव थिजत नाही, नुसता सुस्तावतो."

"मग चार्जिंगला लावते."

"मुळीच नाही! गारठलेल्या बॅटरीत वीज कोंबली की आयनांना आत शिरता येत नाही, लिथियमचा थर दारातच साचतो. बॅटरी कायमची बिघडते. आधी ऊब, तीही सावकाश."

"गोधडीत गुंडाळू?"

"गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली जपते. गारठा गुंडाळलास तर गारठाच जपेल."

"आबा," सोफ्यावरून आई म्हणाली, "तुमचं व्याख्यान बाळाला ऐकू जातंय. त्याला बाहेर यायची घाई झालीय."

ऋजुता स्वयंपाकघरात पळाली. इडलीचं पीठ आंबवायची पेटी! सदैव तीस अंशांवर. तिनं पिठाचं पातेलं ओट्यावर काढलं, बॅटरी नीट पुसून आत ठेवली.

"अन् पीठ नाही फुगलं तर?" बाबांनी विचारलं. ऋजुतानं पेटीचं झाकण लावलं. ते फावडं घेऊन परत गेले.

पाऊण तासानं बॅटरी हिमाजीत बसली.

"ब्याण्णव टक्के," हिमाजी म्हणाला. "सकाळी मला तसं वाटलं नव्हतं."

"एवढ्या थंडीत परत गारठेल ना?" ऋजुतानं विचारलं.

"चालताना ती स्वतःच थोडी तापते," आबा म्हणाले. "थांबू नकोस!"

ऋजुता थांबली नाही. बर्फाची पांढरी कमान बाजूला उडत राहिली. नऊला पाच कमी असताना गाडी रस्त्याला लागली. मागच्या सीटवरून आईनं हात हलवला, तेव्हा कुठे ऋजुतानं नीट श्वास घेतला.

साडेबाराला बाबांचा फोन आला. मुलगी. दोघी खुशाल. आबा चष्मा काढून पुसू लागले.

"आबा, हिमाजीनं आधी आपलीच थोडी वीज वापरून बॅटरी ऊबदार करून घेतली तर?"

आबांनी चष्मा चढवला. "उत्तम. मग तो मंगळावरसुद्धा काम करेल. तिथली रात्र याहून कितीतरी थंड असते."

"मंगळाचं नंतर बघू," ऋजुता कानटोपी घालत म्हणाली. बाहेर बर्फ पुन्हा भुरभुरू लागला होता. परवा तिची बहीण पहिल्यांदा घरी येणार होती, आणि तिला वाट मोकळी हवी होती.