बाबांच्या चिमट्याला हात

दुकानात बाभळीच्या लाकडांचं शेवटचं पोतं उरलं होतं आणि त्यावर एकदमच दोन हात पडले. एक माझा, दुसरा उन्हानं रापलेला... अनोळखी.

"सोडा," मी म्हणाले. "आज माझ्या आईची साठी आहे. लाकूड कमी पडलं तर बाबा मलाच विस्तवात घालतील."

"आणि मी काय जाळू? रविवारी माझ्या अंगणातून धूर निघाला नाही, तर शेजारी डॉक्टरला बोलावतील."

"उपाशी राहा."

तो हसला. मग पोतं उचलून त्यानं सरळ माझ्या गाडीत टाकलं. "लाकूड तुमचं, बदल्यात माझा नाश्ता तुमच्याकडे. पत्ता सांगा."

आणि मी – शाळेतल्या मित्रालाही कधी घरी न बोलावणारी मी – चक्क पत्ता सांगितला. घरी पोचले तरी माझा मलाच बसलेला धक्का ओसरला नव्हता.

रूआन त्याचं नाव. दहाच्या सुमाराला ओले केस विंचरून आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली घेऊन तो खरंच हजर झाला. बाबांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"लिझेलचा मित्र? कधीपासून?"

"सकाळपासून, काका."

कोबुसमामाला कॉफीचा ठसकाच लागला.

आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टनमध्ये दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावलेला एक वेळ चालेल, दुसऱ्याच्या विस्तवाला नाही. जो पेटवतो त्याचाच चिमटा. बाकीचे पुरुष भोवती उभे राहून सल्ले देतात, हात मात्र खिशात. बायका आत काकड्या चिरतात. मी तेवढी लहानपणापासून काकड्या टाकून बाबांच्या मागे येऊन उभी राहायची. एकदा, फक्त एकदा, तो चिमटा माझ्या हातात यावा असं मला फार वाटायचं. मागायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

जाळीवर आंबवलेल्या कणकेचे पाव फुगत होते, शेजारी सॉसेजचं लांबलचक वेटोळं चुरचुरत होतं. तेवढ्यात पर्थहून दादाचा फोन आला. आईनं सगळ्यांना आत बोलावलं.

"कुणी हात लावायचा नाही," असं बजावून बाबा गेले. बाहेर उरलो रूआन आणि मी.

एक लाकूड ढासळलं आणि पावांखाली जाळ उठला.

"जळतील," मी पुटपुटले.

"मग उलट."

"वेड लागलंय का? बाबा..."

"मघापासून तुझी नजर त्या जाळीवर आहे. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस... थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं ते मला कळलंच नाही. त्यानं चिमटा उचलून माझ्या हातात ठेवला. त्याची बोटं क्षणभर तिथंच राहिली... आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. ते नक्की कशामुळे, हे विचारायला वेळ नव्हता. मी एकेक पाव उलटत कमी आचेकडे सारला. एकही पाव फाटला नाही.

दार करकरलं. रूआननं झटकन चिमटा माझ्याकडून काढून घेतला.

बाबा दारात थिजले. त्यांच्या मागे आई, मामा, मामी – सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक.

"मी उलटले, काका," रूआन म्हणाला. "चुकलं माझं."

बाबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "फाटक तिकडे आहे."

आमच्या घरातून पाहुणा उपाशी गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. रूआननं चिमटा ठेवला, आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि तो चालू लागला. माझ्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. तो खरंच जाणार होता, माझ्यासाठी...

"बाबा, ते पाव मी उलटले. तो खोटं बोलतोय."

घर विकून आल्याचं सांगावं, तसे बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक पाव उचलला, बोटानं ठोकून पाहिला, मोडून खाल्ला.

"कुणी शिकवलं?"

"तुमच्या पाठीनं. इतकी वर्षं तिच्यामागेच उभी आहे मी."

बाबांनी चिमटा माझ्यापुढे धरला.

"अंडी तू टाक," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. विस्तव पेटलेला असताना बाबा खाली बसलेले आम्ही कुणीच कधी पाहिले नव्हते. आईनं तर रडायलाच सुरुवात केली.

"आणि तू रे, सकाळच्या मित्रा," बाबा फाटकाकडे बघून गरजले, "आज भेटलेल्या मुलीसाठी माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?"

रूआनचे कान लाल झाले. "मलाही धक्काच बसलाय, काका."

"मग ये इकडे. बसून खा."

दुपारी मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले.

"पुढच्या रविवारी माझ्याकडे ये," तो गाडीत बसून म्हणाला. "पण आधीच सांगतो, माझ्या घरी मी चिमट्याला कुणाला हात लावू देत नाही."

मी बघतच राहिले. "कुणालाच?"

"आजपर्यंत तरी... नाही."

मी खिडकीतून आत वाकले आणि त्याच्या गालावर ओठ टेकले. त्याचे कान पुन्हा लाल झाले.