एम्ब्रेटचं सरपण

आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या दोन्ही काठांना मिळून तीनशे अठरा धुराडी आहेत. ती साफ करणं आणि तपासणं हे माझं काम. नगरपालिकेने त्यासाठी टॅबलेट दिलाय, पण त्यात शेरे लिहायला जागा नाही, म्हणून मी स्वतःची वही ठेवतो. 'ओलं जाळतो, सुकं सांगतो.' 'नवरा-बायकोचं पटत नाही, दोन मजल्यांवर दोन शेगड्या.' 'गाडी चकचकीत, शेगडीची काच काळी.' काजळी बघितली की माणूस कळतो. एकतीस वर्षांत माझा अंदाज दोनदाच चुकला, आणि त्या दोन्ही वेळा घरात पाहुणे राहत होते.

त्या सप्टेंबरात न्यूस्वेन नावाच्या शेतावर बोर्गहिल्डकाकूंच्या जुन्या शेगडीच्या पाठीला मला चीर सापडली. बोट जाईल एवढी. काकूंचं वय एक्क्याऐंशी. घर गावापासून तीन किलोमीटर वर, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. नवरा एम्ब्रेट दोन हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीत गेला.

"ही आता पेटवायची नाही," मी म्हणालो.

"तू पेटवू नकोस. मी पेटवीन."

"काकू, मी कागदावर सही करून बंद करतोय हिला."

त्यांनी कॉफी ओतली, वॉफलवर तपकिरी चीजचा पातळ काप ठेवला आणि बशी माझ्यापासून दोन बोटं लांब सरकवली. आमच्याकडे राग असा दाखवतात.

त्यांची मुलगी टुरिड हामार शहरात राहते. शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होती. तिला आईला खालच्या गावात, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांत हलवायचं होतं, आणि काकूंना न्यूस्वेनमध्येच मरायचं होतं. दोघी हट्टी, त्यामुळे दीड वर्ष नुसती बोलणी चालली होती. शेवटी त्या उन्हाळ्यात तह झाला: एम्ब्रेटने रचून ठेवलेलं सरपण संपेपर्यंत आईने वर राहायचं. ते संपलं की खाली यायचं. विकतचं आणायचं नाही, शेजाऱ्यांकडून घ्यायचं नाही.

एम्ब्रेटचं सरपण म्हणजे काय, हे सांगायला हवं. अंगणापलीकडच्या खोपीत, हवा खेळायला फटी ठेवलेल्या भिंतींच्या आत, बर्चच्या फोडलेल्या लाकडांच्या ओळी, साल वरच्या बाजूला, आणि प्रत्येक ओळीवर वर्षाचा आकडा ठोकलेली पत्र्याची पट्टी. सुरी सरकणार नाही अशी रचलेली. माझ्या वहीत एम्ब्रेटच्या नावापुढे एकच शब्द आहे: 'नेमका'.

नवी शेगडी घ्यायला मीच काकूंना दुकानात नेलं. त्या थेट सगळ्यात मोठ्या शेगडीकडे गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, गायीच्या ठेवतात तसा.

"ही."

"ही शाळेला पुरेल. तुमची खोली केवढी?"

"मंद ठेवीन."

"तिथंच तर घोळ होतो. मोठी शेगडी घ्यायची, खोली तापली की तिची हवा कोंडायची. लाकूड मग जळत नाही, धुमसतं. काच काळी, धुराड्यात डांबर, आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेटतं. लहान घ्या आणि मोकळी जाळा."

"तू कोण सांगणारा, ओड्वार? तुझ्या घरातलं ते लोखंडी भूत आधी काढ."

दुकानदार हसला. मला हसावं लागलं. माझ्याकडे आजोबांची ओतीव शेगडी होती. चव्वेचाळीस सेंटीमीटरचं लाकूड घ्यायची, ना चाळीस ना पन्नास. तयार सरपण मला कधीच चाललं नाही, सगळं स्वतः कापावं लागायचं. तीनशे अठरांत तसं माप दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण लोकांना उपदेश करणाऱ्याने स्वतःच्या घरात बघायचं नसतं.

काकूंनी लहान शेगडी घेतली. काचेच्या दाराची, कमी धुराची. खोलीचं माप, धुराड्याची उंची, मागच्या भिंतीपासूनचं अंतर, खालचा पत्रा, सगळं मी वहीत उतरवलं होतं. एक गोष्ट मात्र विचारली नाही.

सात ऑक्टोबर, गुरुवार. शेगडी बसली. टुरिडही आली होती. मी खोपीतून एक लाकूड आणलं, दार उघडलं, आत सरकवलं. ते वीतभराहून जास्त बाहेर राहिलं.

एम्ब्रेटने सगळं सरपण जुन्या शेगडीच्या मापाने साठ सेंटीमीटर कापलेलं होतं. नवी घेणार पंचवीस.

धुराडी तपासणाऱ्याने लाकडाची लांबी विचारायला विसरणं म्हणजे चांभाराने पाय न मोजता जोडा शिवणं.

"म्हणजे बाबांचं सरपण संपलंच म्हणायचं," टुरिड म्हणाली. ती हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. ती दुष्ट नाही. तिला रस्ता बर्फाने बंद झालेल्या सकाळी आईचा फोन न लागण्याची भीती वाटते.

"शनिवारी करवत घेऊन येतो," मी म्हणालो. "सगळं कापून देतो. चूक माझी आहे."

"तहात करवत नव्हती," टुरिड म्हणाली.

"तहात ओड्वारचा मूर्खपणाही नव्हता," काकू म्हणाल्या.

मी त्याच लाकडावर सुताराच्या पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, पंचवीसवर आणि पन्नासवर, आणि नमुना म्हणून ते ओळीवर परत ठेवलं.

शनिवारी सकाळी ऊन होतं, गवतावर दहिवर. करवत गाडीतच ठेवून मी आधी खोपीत गेलो.

सगळी लाकडं पंचवीस सेंटीमीटरची होती.

मी टेप लावला. एकाला, दहाला, मग प्रत्येक ओळीतल्या पाच-पाचांना. पंचवीस. कुणीतरी शुक्रवारी येऊन कापलं असेल, हे माझ्या मनात आधी आलं आणि बराच वेळ मी त्यालाच धरून बसलो. पण ताजं कापलेलं बर्च पिवळसर असतं, त्याला गोड वास येतो. ही टोकं करडी होती, वाळून चिरलेली, दोन-तीन हिवाळे पाहिलेली. जमिनीवर भुसा नव्हता. दाराजवळच्या ओळीपासून तुळईपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, धूळ धरलेलं, अखंड. आणि हिशोबही लागेना. साठातून दोनदा पंचवीस काढले की दहा उरतात. ते दहा-दहाचे तुकडे, शेकडो, कुठेच नव्हते.

पेन्सिलीने रेघा ओढलेलं लाकूड जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. काप अगदी रेघेवरून गेला होता, टोकाच्या कडेला शिशाच्या रेघेची अर्धी जाडी उरली होती. आणि ते टोकही करडं होतं.

ओल मोजायचं यंत्र टोचलं. चौदा टक्के. याहून चांगलं सरपण विकत मिळत नाही.

काकू पायरीवर उभ्या होत्या, लोकरीच्या जाकिटात हात घालून.

"कुणी आलं होतं काल?" मी विचारलं.

"कोण येणार?"

"लाकडं कापली गेलीत."

त्यांनी खोपीकडे पाहिलं. आश्चर्य शोधत होतो मी त्यांच्या चेहऱ्यावर. नव्हतं.

"त्याला माप चुकलेलं आवडत नाही," त्या म्हणाल्या. "ये आत. ती तुझी शेगडी कशी पेटवतात ते दाखव."

मी दाखवलं. जाड लाकडं खाली, बारीक काड्या वर, आग वरून लावायची, म्हणजे धूर ज्वाळेतूनच जातो आणि तिथंच जळतो. साठ वर्षं खालून पेटवणारी बाई गुडघ्यांवर बसून बघत राहिली.

"उलटंच की रे सगळं!"

"उलटं, पण धूर नाही."

काच स्वच्छ राहिली. निघताना मी लाकडं मोजली. मला मोजावीच लागतात. पंधराशे बारा. काकू रोज नऊ घेणार होत्या, टोपलीत तेवढीच मावत. म्हणजे एकशे अडुसष्ट दिवस. पंचवीस मार्च.

टुरिडला फोन केला. "शेजाऱ्यांनी कापून दिलं असेल," ती म्हणाली. सगळ्यात जवळचा शेजारी दोन किलोमीटरवर राहतो आणि त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे. मी 'असेल' म्हणालो. तिने खालचं घर एक एप्रिलपासून सांगून ठेवलं.

वीस जानेवारीला बर्फातून वर गेलो. उणे अठ्ठावीस. खोली उबदार होती, खिडकीत जिरेनियमला एक फूल आलेलं. आधी खोपीत जाऊन मोजलं होतं. पाचशे पंच्याऐंशी. हिशोब अगदी बरोबर, आणि तेच मला रुचलं नाही. ऑक्टोबरात, उणे दोनला, नऊ लाकडं. उणे अठ्ठावीसला पंधरा लागतात, कुणालाही लागतात.

"नऊच जाळता अजून?"

"नऊ पुरतात."

"थंडीतसुद्धा?"

"ओड्वार, तू शेगडीचा धंदा करतोस की पोलिसांत आहेस?" मग कॉफी ओतता ओतता: "किती दिवसांचं उरलंय?"

"एप्रिलभर सहज जाईल."

त्या हसल्या. "पंचवीस मार्च. भागाकार मलाही येतो. शाळेत तुझ्या बापाला मीच करून द्यायचे."

"मग नंतर?"

"नंतर काय? मी खाली जाणार नाही."

"सरपण संपल्यावर?"

त्यांनी शेगडीच्या काचेकडे पाहिलं. ज्वाळा आळसावून वर फिरत होत्या, तशा चांगल्या शेगडीतच फिरतात.

"तो मोजूनच देतो," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी मी न विचारता ट्रॉलीभर सुकं बर्च वर नेलं. तह गेला खड्ड्यात. अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं. काकूंनी आभार मानले. मार्चमध्ये गेलो तेव्हा ताडपत्रीवरचा बर्फ जसाच्या तसा होता.

सव्वीस मार्चला सकाळी नऊच्या सुमारास टुरिडचा फोन आला. सामान बांधायला ती आदल्या संध्याकाळी निघणार होती, घाट बंद असल्याने पहाटे निघाली.

"आई खुर्चीत आहे," ती म्हणाली. "शेगडी अजून कोमट आहे, ओड्वार."

मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेला होता. काकूंचे हात मांडीवर होते. टोपली रिकामी, झाडून ठेवलेली. काचेवर डाग नव्हता. आत पांढरी राख, चाळून ठेवल्यासारखी. इतकं पूर्ण जळलेलं लाकूड मी आयुष्यात पाहिलं नाही.

त्यांना खाली जावं लागलं नाही.

मे महिन्यात टुरिडने घर रिकामं करायला घेतलं आणि मला खोपीत हाक मारली. सगळ्या ओळी संपल्या होत्या. मागच्या भिंतीला लागून मात्र एक होती, इतरांच्या आड झाकली गेलेली. हिवाळाभर मी खोपीत मोजत होतो. ती मी पाहिली नव्हती.

"ही आईने जाळली नाहीत," टुरिड म्हणाली. "लांब आहेत."

पत्र्याची पट्टी होती, पण तिच्यावर वर्षाचा आकडा नव्हता.

मी टेप लावला.

चव्वेचाळीस.

"कुणाच्या मापाची असतील?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. एम्ब्रेट माझ्या घरी कधी आला नव्हता.

"तूच सांगायचास ना, तुझ्या भुताला अडनिडी लाकडं लागतात म्हणून? किती? चाळीस आणि काहीतरी?" तिचे डोळे भरून आले. "बाबांनी तुझ्यासाठी ठेवली असतील रे. मोजू का?"

"नको."

"तू, आणि नको?"

"नको म्हणतोय ना."

जूनमध्ये मी कामावर असताना तिने ट्रॅक्टरने ती लाकडं पाठवली. ट्रॅक्टरवाल्याने माझ्या खोपीत रचूनही दिली, साल वर करून. आभार मानायला फोन करावा लागला.

ऑगस्टमध्ये मी नवी शेगडी मागवली. काकूंचीच, तीच लहान, पंचवीसची. दुकानदार म्हणाला, "शेवटी भूत निघालं म्हणायचं!" आजोबांची शेगडी मी स्वतः भंगारात नेली, तिचे तुकडे होताना उभा राहून पाहिले. चव्वेचाळीसचं लाकूड घेणारी शेगडी आता या खोऱ्यात एकही नाही. वहीत तशी नोंद केली. करवतीला मी हात लावणार नव्हतो.

काल नवी शेगडी बसली. नोव्हेंबर आहे, बाहेर उणे अकरा. अजून पेटवलेली नाही. भिंतीवरच्या विजेच्या हीटरवर भागतंय.

आज सकाळी खोपीत गेलो. टेप मुद्दाम घरात ठेवला होता. त्याची गरज पडली नाही, पंचवीसचं लाकूड एव्हाना माझा हात ओळखतो. टोकं करडी होती. जमिनीवर भुसा नव्हता.

ओळ फार लांब नाही, एवढं न मोजताही दिसतं. मी दार लावून घेतलं.