निळ्या पेनाची वाट

मामांचं बोट भिंतीवरच्या नकाशावर टेकलं आणि सहलीचा बेत पक्का झाला. सकाळी समुद्राकाठाने निघायचं, कड्याखालच्या वाळूच्या पुळणीवर डबे उघडायचे, तिथून चढून जंगलात शिरायचं आणि दिवस मावळायच्या आत जंगलातल्या झोपडीत पाठ टेकायची. मामा अशा थाटात सांगत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, ही वाट त्यांनीच पाडली. कुठल्याही कामाची सुरुवात मामा जोरात करत आणि शेवट मामी करत. या खेपेला मात्र मामी घरीच थांबल्या होत्या.

शेजारी उभा असलेला वाटाड्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. त्याच्या कचेरीत गुबगुबीत खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता आणि खुंटीला जाडजूड बूट टांगले होते. त्या बुटांच्या तळव्यांना चिखलाचा ठिपकाही नव्हता.

हे सगळं मागे उभी असलेली वकील बघत होती. खरं नाव काहीही असो, मामांच्या या बारा वर्षांच्या भाचीला घरात सगळे वकीलच म्हणत, कारण ती दूधवाल्याचीही उलटतपासणी घ्यायची. गेल्या सुट्टीत तिने होडीत जळका वास येतोय म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं होतं. वास निघाला नावाड्याच्या स्टोव्हचा, आणि होडी तोवर निघून गेली होती. तेव्हापासून मामांचा हुकूम होता की सहलीच्या बेतात वकीलने पुन्हा खुसपट काढलं, तर ती घरी बसेल आणि बाकीचे जातील.

म्हणून आता ती ओठ घट्ट मिटून उभी होती. पण डोळे कसे मिटणार? नकाशावर सगळी वाट लाल ठिपक्यांची होती. पुळणीपाशी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोटं ठेवून ठेवून रंग पार उडवला होता. कागद पांढरा पडला होता, आणि त्या पांढऱ्यावरून कुणीतरी निळ्या पेनाने सरळ रेघ ओढली होती.

बाहेर आल्यावर तिने हे फक्त दोघांना सांगितलं. एक तिचा दादा, आणि दुसरा मामांचा मुलगा गप्पू, ज्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असे.

"मग विचार ना बाबांना," गप्पू म्हणाला.

"विचारलं की मी घरी. आधी पुरावा हवा."

शिंपले वेचायला जातो असं सांगून दुपार कलल्यावर तिघं निघाली. पुळणीत शिरायला दोन खडकांमधली एक खोलगट फट होती. आत पाऊल टाकलं आणि गप्पूचीही बोलती बंद झाली. तिन्ही बाजूंना उंच कडे, मधे मऊ वाळू, वर जंगलाची हिरवी झालर. डबे खायला याहून झकास जागा मिळाली नसती. दादाने तर निकालच देऊन टाकला की मामांचं बरोबर आहे आणि वकीलसाहेबांनी खटला मागे घ्यावा.

वकील कड्याला हात लावून उभी होती. "दादा, हात वर कर. अजून वर."

दादाने टाचा उंचावून हात ताणला. त्याच्या बोटांच्याही वर कड्याला शिंपले चिकटलेले होते, आणि ते ओले होते.

"म्हणजे पाणी इथवर येतं," दादा हळूच म्हणाला.

"रोज येतं. आणि निळी रेघ कुठून वर जाते, सांग बरं?"

रेघ जिथून जात होती तिथे भिंतीसारखा ताठ कडा होता. पाल चढली असती, मामा नाही.

तेवढ्यात गप्पूने मागे बघितलं. फटीतली वाळू दिसेनाशी झाली होती. पाणी पुळणीवर कुठेच नव्हतं, पण आत शिरायची जागा सगळ्यात खोल असल्यामुळे ते आधी तिथेच भरू लागलं होतं. घोटाभर पाणी, तरी ओढ अशी की तिथे टाकलेली फांदी भोवऱ्यासारखी फिरली. दादा तिकडे पळणार होता, पण वकीलने त्याचा सदरा धरला. पुळणीच्या टोकाला वेलींच्या दाट पडद्यामागून पाण्याची खळखळ येत होती. वेली बाजूला केल्या तर मागे जंगलातून उतरणारा अरुंद ओढा निघाला. गुडघे सोलत, एकमेकांना ढकलत तिघं वर आली. वर ओल्या पालापाचोळ्यात बुजत चाललेली पायवाट होती आणि झाडांच्या बुंध्यांवर लाल ठिपके होते. खरी वाट ही होती. ती पुळणीत उतरतच नव्हती.

गप्पू हसणार, तोच खालून हाक आली. "वकील! अरे, आहात कुठे?"

गप्पूचा चेहरा उतरला. "बाबा."

तिघांनी कड्यावरून वाकून पाहिलं. पोरांना शोधत आलेले मामा वाळूतली पावलं बघून फटीतून आत शिरले होते आणि एकेक कोपरा धुंडाळत होते. त्यांच्या पाठीमागे फट कमरेएवढ्या पाण्याने भरली होती. त्यांनी वळून पाहिलं आणि ते पटकन एका खडकावर चढले. लाटा आता पुळण गिळायला लागल्या होत्या.

तिघं ओढ्यातून घसरत खालच्या दगडापर्यंत आली. वकीलने ओरडून सांगितलं की इकडे या, वेलींच्या मागून रस्ता आहे. मामांनी मात्र समोरच्या कड्याकडे हात केला. नकाशात वाट तिकडे आहे, असं त्यांचं म्हणणं. बुडायची वेळ आली तरी मामांचा बेत बदलत नव्हता.

"मामा, ती वाट पेनाने काढलेली आहे," वकील म्हणाली. "मी सकाळीच पाहिलं होतं, बोलले नाही. चुकलं माझं. आता मागच्या कड्यावरचे शिंपले बघा. पाणी तिथवर येणार आहे."

मामांनी मान वळवली. शिंपले त्यांच्या डोक्याच्या वर होते. त्यांनी सरळ पाण्यात उडी घेतली. छातीपर्यंत पाणी, त्यात एका लाटेने त्यांना आडवं केलं. दादाने त्यांचं मनगट पकडलं, गप्पूने दादाचा पट्टा आणि वकीलने गप्पूचा दंड. पुढच्या लाटेने मामांना तिघांच्या अंगावरच आणून टाकलं. बूट तेवढे समुद्राने ठेवून घेतले.

लाल ठिपक्यांच्या मागोमाग चौघं किनाऱ्यावर उतरली ती एका भल्यामोठ्या फलकाच्या पाठीमागे. वाटेचं तोंड त्या फलकाने अगदी झाकून टाकलं होतं. मामा अनवाणी पुढे गेले आणि मजकूर वाचू लागले. 'निर्धास्त चाला, आम्ही आहोत.' खाली वाटाड्याचा हसरा फोटो होता.

कचेरीत वाटाड्याने आधी हवामानाला दोष दिला, मग फलक लावणाऱ्यांना. वकीलने शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही या वाटेने शेवटचे कधी चाललात?" अखेर वाटाड्याने कबूल केलं की रंग उडाल्यावर रेघ खुर्चीत बसूनच ओढली होती. परवा एक कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन त्याच वाटेने निघणार होतं, हेही मग बाहेर आलं. ते ऐकून त्याचा स्वतःचाच चेहरा पांढरा पडला. संध्याकाळच्या आत त्याने फलक उखडला.

"चूक त्याची एकट्याची नाही," मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "पोरीचं तोंड मी बंद केलं होतं. आज ती बोलली म्हणून मी इथे उभा आहे. तिघांनी मोठ्यांसारखं काम केलंत."

सहल ठरल्या दिवशीच निघाली. सगळ्यात पुढे वाटाड्या होता. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि त्याच्या बुटांना पहिल्यांदाच भरपूर चिखल लागत होता. चढ संपेपर्यंत वकील एक अक्षर बोलली नाही. ती नुसती जंगल बघत होती. थोडा वेळ मामांनी धीर धरला, मग थांबून त्यांनी विचारलं, "काय गं, गप्प का? काही चुकलंय का आपलं?"

"नाही मामा," वकील हसून म्हणाली, "सगळं बरोबर आहे."

तेव्हा कुठे मामांनी पुढचं पाऊल टाकलं.