आले का गं?

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण हे माझ्या थोरल्या बहिणीच्या, भामाआक्काच्या घरात घडलंय. हैदराबादच्या टोकाला, पेद्दा चेरुवू तलावाच्या बांधावर. गेल्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी.

तलाव फार जुना. आमच्या लहानपणी थंडीत हंसांनी पाणी झाकून जायचं. हिमालयापलीकडून यायचे ते. पुढे थवे विरळ झाले, पण आक्काच्या नवऱ्याचं, दाजींचं, हंसांचं वेड गेलं नाही.

त्या कार्तिकाच्या आदल्या वर्षी उमाजी दाजी अंथरुणाला खिळले. खोली रस्त्याच्या बाजूला, तलाव दिसत नसे; कानही अधू, जवळचं तेवढं ऐकू यायचं. रोज आक्कालाच विचारायचे,

"भामे, आले का गं?"

तुळशीच्या लग्नाला ते म्हणाले, "यंदा फटाके नक्को. पाखरं बुजतात."

"तर तर. लग्न काय मुक्यानं लावू? तुमच्या हंसांना अक्षता देऊन येते."

गच्चीवर जाताना तिला थवा उतरताना दिसला. लग्न लागल्यावर सांगू, असं म्हणून तिनं स्वतःच फटाक्यांची माळ पेटवली.

थवा ओरडत उठला. अंधारात गेला.

परत आला नाही.

"आले का?" दाजींनी विचारलं.

"नाही अजून."

दाजी रागावले की भिंतीकडे कूस वळवत. पलंग करकरायचा. मग दोन-दोन दिवस अबोला. त्या धाकानं ती खोटंच बोलत राहिली. दाजी वाट बघत गेले.

तेराव्याला शय्यादान केलं. पलंग, गादी, सगळं दिलं. खोली रिकामी झाली.

गेल्या कार्तिकात गच्चीवर लग्न मुक्यानंच लागलं. तलावावर एक पाखरू नव्हतं.

आणि अचानक...

डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. मग हंसांची ओरड.

आभाळ रिकामं.

सुनेनं, प्राचीनं, आक्काचा हात धरला. "आई, काय आहे हो हे?"

दोघी खाली आल्या. बंद खोलीतून...

"भामे, आले का गं?"

प्राचीनंही ऐकलं.

आक्कानं दाराला कपाळ टेकलं. "आले हो. मागच्या वर्षीही आले होते. मीच हाकलले. तुम्हाला खोटं सांगितलं."

वरची ओरड थांबली.

मग आत, हळूच...

पलंग करकरला.

दार उघडलं. नुसती फरशी.

आक्का आता माझ्याकडे मलकपेठेत असते. जमिनीवर निजते. माझा पलंग करकरला की विचारते, "अजून राग आहे का हो?"

काल दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आतून तिचा तोच प्रश्न ऐकू आला.

माझ्या पलंगावर तर कोणीच नव्हतं.