जावाच्या पोटातली ठक्

"संध्याकाळी तो जुन्या गाड्यावाला जयसिंगशेठ टेंपो घेऊन येतोय," सर्जेरावकाकांनी काळेकुट्ट हात फडक्याला पुसत जाहीर केलं. "देऊन टाकतो त्याला गाडी. झाली तेवढी शोभा पुरे."

शालूच्या हातातला पाना हातातच राहिला. शेजारी उकिडवा बसलेल्या तिच्या मित्राचा, युसूफचा, पुसायचा हात थांबला. शालूचा धाकटा भाऊ बाळ जुन्या टायरवर बसून पेरू खात होता, त्याचंही तोंड चालायचं थांबलं, आणि बाळच्या बाबतीत ही फारच मोठी गोष्ट होती.

ती गाडी गेनबाआजोबांची होती. बिबवेवाडीत जिकडेतिकडे शेतं होती, तेव्हा आजोबा पहाटे या जावा मोटरसायकलवर भाजीच्या पाट्या बांधून मंडईत जायचे. पुढे शेतांच्या बिल्डिंगी झाल्या, आजोबांचा गुडघा रुसला आणि जावा जिन्याखाली पोत्याखाली जाऊन बसली. यंदा काकांनी मनावर घेतलं आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच तिचं इंजिन उघडलं. शालू आणि युसूफ पहिल्या दिवसापासून हाताखाली होते. रॉकेलमध्ये सुटे भाग धुऊन धुऊन त्यांच्या अंगाला असा वास येई, की जेवायला बसलं की घरचे ताट घेऊन लांब सरकत.

आजोबांनी या सगळ्यात एकच मागणं मागितलं होतं. "मला पुन्यांदा बसायचं न्हाई तिच्यावर. पर एकदा तिचा आवाज ऐकायचा हाय."

आणि नेमका आवाजच होत नव्हता. इंजिन जोडून झालं होतं, फक्त सायलेन्सर लावायचा राहिला होता. पण कीक मारली की एखाददुसऱ्या वेळी ती सुरळीत खाली जाई आणि मग मध्येच ठक् करून अडकून बसे.

"मैनुभाईंनी बोअर घट्ट केलाय," काका म्हणाले. "पिस्टन अडकतोय. दुसरं काय!"

युसूफचे कान लाल झाले. मागच्या गल्लीत लेथ चालवणारे मैनुद्दीनचाचा म्हणजे त्याचेच अब्बा. झिजलेला सिलिंडर आतून कापून त्याला नवा बोअर त्यांनीच मारून दिला होता.

"अब्बांचं माप चुकत नाही, काका."

"मग कीक मारताना माझा पाय चुकत असेल. त्यालाही बोअर मारायला सांग," काका म्हणाले आणि जेवून झोपायला वर निघून गेले. पुण्यात दुपारच्या झोपेपुढे कुठल्याही इंजिनाला किंमत नसते.

युसूफ उठून चालू लागला. "जातो मी. उद्यापासून काका अब्बांकडे कामच देणार नाहीत. आणि अब्बाही काही बोलणार नाहीत. नुसते गप्प बसतील."

शालूला फार वाईट वाटलं. इतके दिवस तिघं मिळून केलेलं काम संध्याकाळी टेंपोत चढणार होतं, आणि वर दोन घरांत अबोला. "थांब रे," ती म्हणाली. "जाण्याआधी एकदा नीट ऐकू या. बाळ, तू हँडल धर. युसूफ, तू खाली वाकून बघ."

तिने कीकवर उभं राहून भार टाकला. कीक खाली गेली. दुसऱ्यांदाही गेली. इंजिनाने सायलेन्सरच्या उघड्या भोकातून फुस्स करून हवा सोडली. तिसऱ्यांदा मात्र ठक्!

"लोखंडावर लोखंड आपटलं तर असा आवाज येत नाही," युसूफ कान लावून म्हणाला. "अब्बांच्या कारखान्यात दिवसभर ऐकतो मी. हा आवाज बद्द आहे." मग तो गालाला हात लावून म्हणाला, "आणि ह्याने माझ्या तोंडावर काहीतरी थुंकलं."

त्याने बोट पुढे केलं. बोटाला तेलात माखलेला तांदळाचा दाणा चिकटला होता. शालूने तो फडक्याने पुसला. तेलाखालून पिवळा रंग दिसला.

"हळदीचा तांदूळ?" शालू म्हणाली. "इंजिनात अक्षता कुठून आल्या?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही एकदमच जिन्याकडे धावले.

मंदाकिनीकाकू स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भाजत होत्या. "काकू, खंडेनवमीला तू इंजिनाची पूजा केलीस ना? कशी केलीस?" शालूने विचारलं.

"कशी म्हणजे? पाने, पकडी, इंजिन, सगळं ओळीने मांडलं आणि केली. इंजिनाच्या तोंडात तुझ्या काकांनी कसलं तरी तेलकट फडकं कोंबलं होतं. देवासमोर असली चिंधी ठेवायची का? मी ते काढलं, तोंडावर छान विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारीचा गणपती बसवला, अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी पान उचललं आणि फडकं होतं तसं कोंबून टाकलं."

"आणि सुपारी?"

"ती नाही सापडली," काकूंनी झारा बाळकडे रोखला. "ह्यानेच खाल्ली."

"मी नाही खाल्ली!" बाळ कळवळून ओरडला. "दसऱ्यापासून सांगतोय मी!"

ते फडकं काकांनी काही कोंबायचं म्हणून कोंबलं नव्हतं. सिलिंडर बोअरला गेला की खालचं तोंड उघडं राहतं, आत काही पडू नये म्हणून ते होतं. काकांनी ते उपसलं आणि वरून सिलिंडर चढवला. पिस्टनखाली फिरणाऱ्या क्रँकच्या दोन चाकांमधल्या अंधारात डोकावून बघायचं काही त्यांच्या मनात आलं नाही.

मुलं पार्किंगमध्ये परतली. हेडचे नट, मग हेड, मग सिलिंडर. काढायची आणि ठेवायची रीत पाठ होती, तरी शालू प्रत्येक नट दोनदा मोजून ठेवत होती. चुकलं असेल तर आजोबांची गाडी उघडी पडणार आणि तशीच विकली जाणार. सिलिंडर अलगद वर निघाला तोच बाळच्या हातून पाना फरशीवर पडला. अख्ख्या बिल्डिंगला जाग येईल असा खणखणाट झाला.

जिन्यावर काका उभे होते. "कुणाला विचारून उघडलं?"

"काका, ओरडा तुम्ही," शालू म्हणाली. "पण आधी मला क्रँक उलटा फिरवू द्या. मग खुशाल ओरडा."

काका जिना उतरून खाली आले. तेवढ्यात शालूने क्रँक हळूहळू उलटा फिरवला. दोन चाकांच्या फटीतून, तेलाने काळीभोर झालेली, एका बाजूने ठेचलेली सुपारी वर आली. युसूफने काकूंकडून आणलेल्या पापडाच्या चिमट्याने ती उचलली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

काकांनी सुपारी बोटाने उलटीपालटी करून पाहिली. मागून काकू आल्या, त्यांनीही पाहिलं आणि बाळला जवळ ओढून घेतलं.

"बोअर घट्ट आहे का, काका?" युसूफने हळूच विचारलं.

"डोकं घट्ट आहे माझं," काका म्हणाले. "फडकं आण. आधी आत नीट पुसून घेऊ."

टेंपो आला तेव्हा इंजिन परत जोडून, सायलेन्सरही लावून होत आलं होतं. "चहा घ्या, शेठ," आजोबा काठी टेकत खाली येऊन म्हणाले. "गाडी बी बगा. न्यायची मात्र न्हाई."

जयसिंगशेठ नाराज झाले, पण चहा प्यायले.

"लाथ कोन मारनार?" आजोबांनी विचारलं. काका पुढे झाले. "तू न्हाई, सर्जा. तुजा पाय चुकतोय म्हनं. शालू, तू मार."

शालूने जीव एकवटून कीक मारली. ठक् झालं नाही. दुसरी मारली. तिसरीला निळा धूर सोडत जावा जी भडभडली, ती पार्किंगभर घुमली. आजोबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

"हीच ती," ते म्हणाले. "शाब्बास, पोरांनो. मोठ्यांनी बिघडवली अन् तुमी दुरुस्त केली."

काकांनी गाडीवर टांग टाकली, शालू आणि युसूफला मागे घेतलं आणि जावा थेट मागच्या गल्लीत नेली. मैनुद्दीनचाचा लेथवर वाकले होते. गाडी दाराशी येऊन थांबली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. थोडा वेळ नुसतं ऐकलं.

"सर्जेराव, माझ्या कानावर आलं. बोअर जरा घट्ट वाटतो का?"

"लाजवू नका, मैनुभाई. मी उगाच बोललो," काका म्हणाले आणि शालूकडे वळले. "दाखव त्यांना."

शालूने ठेचलेली सुपारी पुढे केली. चाचांनी ती उजेडात फिरवून पाहिली, युसूफकडे पाहिलं, आणि लेथ बंद करून इतक्या मोकळेपणाने हसले की युसूफलाही हसू आवरेना.

"पुढच्या वेळी इंजिन जोडायच्या आधी," चाचा काकांना म्हणाले, "ह्या पोरांना आत डोकावू द्या."

काकांनी मान डोलावली. युसूफने अब्बांचा तेलकट हात धरला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही.