कोरडा वीरगळ

चैत्राचं ऊन खिंडीत पाय भाजत होतं, तरी भरतचा बर्फाचा वीरगळ ठणठणीत कोरडा उभा होता. त्याच्या गारव्याला दोन कुत्री निजली होती. शेजारचा विठ्ठल बांडेचा वीरगळ कधीच वितळून गेला होता.

पृथ्वी निववायला शास्त्रज्ञांनी आभाळात ऊन अडवणारा सावलीचा थर सोडला, तेव्हापासून सह्याद्रीच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडायचा. गायरानावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडणाऱ्या दोन वाड्यांनी त्यातून एक शहाणी रीत काढली. मारामारीत माणसं पडली, की जुन्या दगडी वीरगळांसारखे त्यांचे वीरगळ बर्फात कोरायचे, दोन्हीकडचे शेजारी-शेजारी, आणि सगळ्यांनी समोर बसून रडायचं. बर्फ वितळला, की दोघांच्या आयांनी ते पाणी एकमेकींना ओंजळीनं पाजायचं. तिथं वैर संपलं.

हे वीरगळ कोरायची हिरा धिंदळे. या खेपेला पलीकडच्या वाडीचा विठ्ठल पडला आणि इकडचा तिचाच थोरला, भरत. पर्यटकांच्या बर्फमहोत्सवात मूर्ती करताना तिला थिजपूड मिळाली होती. ती पाण्याच्या कणांना एकमेकांत असं जखडते, की साध्या उन्हाला ते सुटत नाहीत. हिरानं ती गुपचूप बर्फात कालवली. पोराचा चेहरा तिला जाऊ द्यायचा नव्हता, दुसरं काही नाही.

पण वाडीतले तरणे येता-जाता तो चेहरा बघायचे आणि दातओठ खायचे. तिचा धाकटा नामा तर रोज कोयत्याला धार लावत होता.

त्या सकाळी विठ्ठलची आई चांगुणा तांब्या घेऊन खिंडीत आली. मागं तिच्या वाडीची माणसं होती.

"हिरे, माझ्या विठ्ठलचं पाणी धरून ठेवलंय. तुझ्या भरतचं कवा व्हायचं?"

"न्हाई व्हायचं!" नामा ओरडला. "माझा भाऊ आजून उभाय!"

त्यानं कोयत्याच्या उलट्या बाजूनं तांब्या उडवला. पाणी मातीत जिरलं आणि खिंडीत काठ्या उठल्या. कुणाचं मनगट तुटलं, कुणाचा जबडा फुटला. नामा लाल डोळ्यांनी कोयता फिरवत होता.

हिराला एकच दिसत होतं, हाही पोरगा जाणार. तिनं पहार उचलली आणि भरतच्या छातीवर घाव घातला. एक, दोन, तीन. वीरगळ कडाडून फुटला.

"घ्या! गेला तो! आता तरी थांबा, मुडद्यांनो!"

क्षणभर सगळे थांबले. मग नामा वाकला. त्यानं पायाशी पडलेला तुकडा उचलला, तो चांगला धोंड्यासारखा जड होता. तुकडा त्याच्या हातून सुटला आणि समोरचा एक बांडे तोंड धरून पडला. मग तुकडे उचलायला दोन्हीकडचे हात खाली गेले. भरतचे तुकडे खिंडभर उडायला लागले. एक नामाच्या कानशिलावर बसला आणि तो आईच्या पायाशी कोसळला.

चांगुणानं धावत येऊन आपला पदर फाडला आणि जखमेवर दाबला. पळणाऱ्यांकडं बघून ती ओरडत होती, "आरं, कुणीतरी पाणी आणा!"

नामाचे ओठ हलले, "आई... पाणी..."

हिरानं जवळचा तुकडा दोन्ही तळव्यांत धरला. त्यावर भरतचं नाक होतं. ती तो दाबत राहिली, श्वासानं फुंकत राहिली. तळवे बधिर झाले, पण ओंजळीत एक थेंब उतरला नाही.

"चांगुणे," तिचा आवाज फुटला, "ह्याचं पाणी कवा व्हायचं गं?"