निरंक

पावसाचा आकडा सकाळी आठला घ्यायचा आणि सव्वाआठच्या आत ग्रुपवर टाकायचा, असा नियम होता. अमरावतीच्या एका ऑफिसात आरतीकडे एवढंच काम होतं. जिल्हाभरातून येणारे आकडे उतरवायचे, तक्ता करायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. पाऊस नसेल तिथं शून्य लिहायचं नाही, 'निरंक' लिहायचं. सरकारी कागदाला शून्याचं काय वावडं आहे, हे तिला बारा वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

त्या साली मृगानं चार शिंतोडे दिले आणि आभाळानं पाठ फिरवली. पेरण्या उलटल्या. जुलै लागला तरी तक्ता वरपासून खालपर्यंत निरंकांनी भरलेला. लोक ऑफिसात फोन करून विचारत, "मॅडम, आमच्या इकडे कागदावर किती पडला?" जमिनीवर किती पडला ते त्यांना दिसतच होतं.

आकडे पाठवणाऱ्यांपैकी एक किसनराव. सेमाडोहच्या पुढं, आत जंगलात एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या शाळेमागचं पर्जन्यमापक सांभाळणारे हे रिटायर कोतवाल. वस्तीत मोबाईलला रेंज नाही, शाळेमागचं टेकाड चढलं की एक काडी मिळते. आठला बाटलीतलं पाणी मोजायचं, तीन मिनिटांत टेकाड चढायचं, आकडा टाकायचा. नऊ वर्षं त्यांचा मेसेज आठ वाजून तीन मिनिटांनी येत होता. आरती त्यावर घड्याळ लावायची. माणूस मात्र तिनं कधी समक्ष पाहिला नव्हता.

आणि जुलैच्या पहिल्याच मंगळवारी किसनरावांनी आकडा टाकला, ८२.

आजूबाजूला सगळीकडे निरंक. खुद्द सेमाडोह निरंक. आणि मधेच हे ब्याऐंशी मिलिमीटर! त्या दिवशी आरतीच्या घरचा गॅस संपलेला, नवऱ्याशी वाजलेलं, साहेब तक्त्यासाठी खोळंबलेले. तिनं मागचापुढचा विचार न करता ग्रुपवर लिहून टाकलं, 'किसनराव, पावसाचीच बाटली पाहिली ना, का दुसरी? सकाळी सकाळीच?'

ग्रुपवर अठ्ठ्याऐंशी माणसं. पटापट हसरे चेहरे आले. कोणी टाळ्या पाठवल्या. आरतीनं किसनरावांच्या नावापुढं स्वतःच्या अक्षरात निरंक लिहिलं आणि तक्ता आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आकडा बंद झाला.

दोन दिवस तिला वाटलं, म्हातारा रुसला. रुसू दे. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं मागचे तक्ते चाळले. नऊ वर्षं एक खाडा नाही, आणि आपण अठ्ठ्याऐंशी जणांसमोर त्यांना दारूडा म्हणालो. तिनं त्यांना वेगळा मेसेज केला, 'किसनराव, रागावले का?' मग, 'आकडा येऊन नाही राहिला.' मग एकदाचं, 'माझं चुकलं.' तिन्ही मेसेजपुढं एकेकच टिक. आणि त्यांचा फोटोही गेलेला, नुसतं करडं डोकं उरलेलं.

असाच पुढचा आठवडाही गेला, तेव्हा त्या शुक्रवारी दुपारी तिनं शेजारच्या टेबलावरच्या निखतला विचारलं. निखत आवकजावक बघायची आणि मोबाईलच्या बाबतीत अख्ख्या ऑफिसची हकीम होती.

"एक टिक म्हणजे रेंज नसन," निखत म्हणाली. "मेळघाट हाये ते."

"पण फोटो काहून गेला?"

"हां. फोटो गेला म्हणजे मामला दुसरा हाये. थांबा, नंबर सांगा."

निखतनं नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला. आणि तिच्या फोनवर फोटो दिसला. तारेचं कुंपण, मधे पर्जन्यमापक, बाजूला पांढऱ्या टोपीतले एक किडकिडीत गृहस्थ, शाळेच्या तपासणीला उभं राहावं तसे ताठ. खाली शेवटचं पाहिल्याची वेळ होती. आज, ८:०३.

"म्हणजे फोन चालू हाये," आरती म्हणाली.

"एकदम चालू. आता तुमच्या फोनवर नवीन ग्रुप बनवा. त्याहिले त्यात घ्या."

आरतीनं ग्रुप बनवला. किसनरावांना काही केल्या त्यात घेता येईना. निखतनं तिला जोडून पाहिलं, ती लगेच आली. शिपायाला जोडलं, तोही आला. किसनराव तेवढे नाही.

"मुबारक हो," निखत म्हणाली. "तुमाले ब्लॉक केलं काकानं."

गंमत अशी, की आरतीला जरा बरंच वाटलं. निदान उलगडा तर झाला. राग आला होता, रागाला कारण होतं, माणूस जागच्या जागी होता. निखतला मात्र आता चैन पडेना. तिनं आरतीच्याच फोनवर तो मंगळवारचा मेसेज दाबून धरला, कोणी कोणी वाचला याची यादी उघडली आणि नखानं एक ओळ दाखवली. किसनराव, ८:११.

"वाचलं बी हाये. आठ मिनिटं टेकाडावर थांबून वाचलं." मग तिनं आरतीकडे पाहिलं. "मॅडम, ब्लॉक तुमाले केलं, ग्रुपले नाही. ग्रुपवर माफी मांगा, त्याहिले दिसन."

"सगळ्यायच्या समोर?"

"बोलल्या कोनासमोर?"

आरतीनं फोन उलटा ठेवला. चारचौघांत माफी मागायला तिची जीभ रेटत नव्हती, हे तिला स्वतःलाही कळत होतं. त्यापेक्षा समक्ष जाऊन हात जोडावेत. उद्या दुसरा शनिवार, सुट्टीच होती.

सकाळच्या एसटीनं ती परतवाड्यावरून घाट चढून सेमाडोहला उतरली. पुढं एका जीपनं वस्तीपर्यंत सोडलं. सागाची झाडं कोरडी उभी, धूळ पानांवर बसलेली. वस्तीत शिरताच तिला शिजणाऱ्या वरणाचा वास आला. एका घरापुढं ताडपत्रीचा मांडव होता, माणसं पंगतीला बसत होती. कोणाकडे तरी कार्य दिसतं, असं म्हणत तिनं किसनरावांचं घर विचारलं.

"हेच," एक जण म्हणाला. "या बाई, पान मांडलं हाये."

घरातून साठीची एक बाई पदर सावरत बाहेर आली. किसनरावांची बायको, बेबीताई. तिचं रिकामं कपाळ आरतीला दिसलं, तरी डोकं ते घ्यायला तयार होईना.

"कोन व्हय? अमरावतीवाल्या बाई?" बेबीताईचा चेहरा उजळला. "आरती बाई ना? त्याहिच्या तोंडी रोज तुमचं नाव. बाई वाट पाहून राहिल्या असतीन, म्हनत अन् टेकाड चढत. बरं झालं आल्या तेरवीले."

बसायला सांगितलं तिथं ती बसली. तेरवी म्हणजे तेरावा दिवस. तिनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"कवा… कवा गेले?"

"दोन तारखेले, सोमवारी. दुपारी जेवले, पडले, ते उठलेच नाही." बेबीताई तिच्याजवळ सरकली. "तुमच्या ऑफिसात कोन सांगन? पोरगा पुन्याले. तलाठ्याची जागा तर सालभरापासून खाली हाये."

आरतीला मंगळवार विचारायचा होता, पण धीर होत नव्हता. बेबीताईनंच सांगायला घेतलं.

"संध्याकाळी नेलं टेकाडावर. आमची मसनवटी तिथंच. चूड लावली, अन् असा पाऊस आला बाई, का विचारू नका. आमच्या टेकाडापुरताच. तिकडं सेमाडोहात चांदनं होतं म्हनतात. दोन डाव पेटवलं, दोन डाव इझलं. रात्रभर ते तसेच… अर्धवट रायले. नऊले पाऊस थांबला तवा पुन्हा लाकडं रचली."

"नऊले…"

"हो. सकाळच्या नऊले."

आठ अकराला त्यांनी तिचा मेसेज वाचला होता.

"अन् मोबाईल?" आरतीचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"खिशातच रायला न. कोनाच्या ध्यानात आलं नाही. राख सावडाले गेलो तवा भेटला, पघळलेला." बेबीताई आत गेली आणि एका वाटीत काळा गोळा घेऊन आली. त्याला अजून जळक्या प्लास्टिकचा वास होता. "फेकवला नाही मले."

आरतीनं वाटीला हात लावला नाही. तिला फक्त एकच गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती विचारताना तिला रडू फुटलं.

"ते… घेत होते का? दारू?"

बेबीताई रागावली नाही. तिला प्रश्न नवलाचा वाटला. "माळकरी मानूस तो! उभ्या जिंदगीत थेंब नाही घेतला. काहून?"

"काही नाही," आरती म्हणाली. खोटंच.

तिच्या आग्रहावरून बेबीताई तिला शाळेमागं घेऊन गेली. कुंपणाचं फाटक नीट लावलेलं. आरतीनं पर्जन्यमापकाचं नरसाळं काढून आतली बाटली वर उचलली. कोरडी ठक्क.

"परवा इथं भुरभुर आली होती," बेबीताई हळूच म्हणाली. "बादलीत पानी साचलं. पर बाटली रिकामी. रोज सकाळी रिकामीच रायते. वस्तीतलं कोनी हात लावत नाही हो… मी विचारलं साऱ्यायले."

परतीच्या एसटीत आरतीनं खिडकीला डोकं टेकलं. भीती वाटत होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीवर बसलं होतं. पाऊस पडला होता. ब्याऐंशी पडला होता. चिता विझवून, रात्रभर त्या माणसाला भिजवून पडलेला पाऊस तिनं एका शब्दात पुसून टाकला होता, आणि वर हसं केलं होतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. तक्त्याची फाईल काढली, त्या मंगळवारचं निरंक तांबड्या शाईनं खोडलं, ८२ लिहिलं आणि खाली सही केली. मग ग्रुप उघडला. एकेक अक्षर नीट लिहिलं. 'किसनराव २ तारखेला वारले. त्यांचा ८२ चा आकडा खरा होता. मी त्यांना सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते.'

अठ्ठ्याऐंशी जणांत एकही चेहरा हसला नाही. दोन तारखेला वारलेल्या माणसानं तीन तारखेला आकडा कसा टाकला, हेही कोणी विचारलं नाही. बहुधा कोणी तारखा लावूनच पाहिल्या नाहीत.

थोड्या वेळानं आरतीनं घाबरत घाबरत त्यांचं नाव उघडलं. फोटो परत आला होता. कुंपण, पर्जन्यमापक, पांढरी टोपी. तिच्या तिन्ही जुन्या मेसेजपुढं दोन-दोन निळ्या टिक होत्या. आणि वरती, नावाखाली, हिरव्या अक्षरांत दिसत होतं: टायपिंग…

निखत धावत आली. दोघी बघत बसल्या. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मेसेज येईना आणि ते शब्द जाईनात.

"एका बोटानं लिहीत असतीन," निखत म्हणाली. दोघींपैकी कोणी हसलं नाही.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. आरतीनं फोन बंद करून पाहिला, सिम काढून पाहिलं, नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, फोन बिघडला. नव्या फोनवरही तेच आलं. आरतीला आता झोप नव्हती. त्या मंगळवारी तिनं एक ओळ लिहिली होती, जेमतेम एका श्वासाची. तिचं उत्तर हा माणूस आठ दिवस लिहितोय. असं काय लिहितोय?

नवव्या दिवशी निखतला ते पाहवेना. तिनं फोन ओढून घेतला.

"बस झालं, मॅडम. आता तुमी ब्लॉक करा. हे पाहा, इथं बटन हाये. एकदा दाबलं का खतम."

तिचं बोट बटणावर गेलं होतं. आरतीनं मनगट धरलं.

"नको. एक डाव मी त्याहिचं ऐकलंच नाही, खोडून टाकलं. आता नाही खोडत." तिनं मनगट सोडलं नाही. "लिहू दे. त्याहिचं पुरं होऊ दे. मी वाचीन."

निखतनं फोन टेबलावर ठेवला आणि मागं सरकली.

"मॅडम… पाहा."

नऊ दिवसांत पहिल्यांदा टायपिंग थांबलं होतं. त्या जागी एकच शब्द होता, ऑनलाइन. मेसेज आला नव्हता. पलीकडचं कोणीतरी हात थांबवून नुसतं होतं.

"तुमचं वाचून थांबले का?" निखतनं विचारलं.

आरतीनं मान हलवली. ती तोंडानं बोलली होती. लिहिलेलं काहीच नव्हतं.